हरेगावच्या वाटेवर

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेसाठी आमची पायी दिंडी नगरहून निघाली तेव्हा उजाडलं नव्हतं आणि पाऊस नुकताच उघडला होता. टेम्पोवर मतमाउली, म्हणजे येशूची आई मारिया, तिच्याभोवती झेंडूच्या माळा, मागे जनरेटर, आणि मास्तरांच्या हातात कर्णा. मास्तर मनाने फार चांगले. धर्मशिक्षणाला आयुष्य दिलेला माणूस आहे. पण तो कर्णा सतत कानाशी वाजत राहिला की जपात मन लागत नाही. "मागे राहू नका, रांग मोडू नका, पोचायचंय" हे मी विळद घाट येईपर्यंत इतक्या वेळा ऐकलं की पहिल्या जपमाळेतली आनंदाची रहस्यं, म्हणजे येशूच्या जन्माचे आणि बालपणाचे प्रसंग, कधी संपली ते कळलंच नाही.

नगर-मनमाड रस्त्याबद्दल वेगळं सांगायला नको. खड्डे, ट्रक, शिर्डीकडे धावणाऱ्या गाड्या. पावसाने खड्डे भरलेले, त्यामुळे गाडी गेली की चिखल थेट लुगड्यावर. आमच्यातल्या एक काकू बोटात मोजायचं यंत्र घालून आल्या होत्या. किती जपमाळा झाल्या ते दर थांब्यावर मोठ्याने सांगायच्या, आणि मग बाकीच्या बायका आपापला आकडा सांगायच्या. मला ते आवडत नव्हतं. गप्प बसले. त्या काकूंच्या मुलाचं काय चाललंय ते मला ठाऊक आहे, आणि त्या कशासाठी मोजतायत तेही.

ताई ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेली, त्यानंतरची ही माझी पहिली वारी. ती हरेगावला चालत जायची. मी आपली यात्रेच्या रविवारी एसटीने जायचे आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकून संध्याकाळी परत यायचे. शेवटच्या महिन्यात ताईच्याने पूर्ण जपमाळ व्हायची नाही. मी उशाशी बसून 'नमो मारिया' प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचे आणि ती दुसरा: "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर." आमेनच्या आधीच तिचा डोळा लागायचा. एका जपमाळेत त्रेपन्न नमो मारिया येतात, म्हणजे त्रेपन्न वेळा आपण आपल्या मरणाचं नाव घेतो. लहानपणापासून घेतोय. तिच्या उशाशी बसेपर्यंत ते मला ऐकूच आलं नव्हतं. आता चालताना ते वाक्य आलं की माझा आवाज बसायचा आणि शेजारची बाई माझ्या वाटणीचं म्हणायची.

कृषी विद्यापीठ, मुळेचा पूल, राहुरी. एक मुक्काम शाळेत झाला. सतरंज्या ओल्या होत्या, नळाला रांग होती, आणि रात्रभर कोणी ना कोणी खोकत होतं. तरी पहाटे अंधारात सगळ्यांनी मिळून मारियेचं गाणं धरलं तेव्हा अंगावर काटा आला. कर्णाही बंद होता.

राहुरी फॅक्टरी सोडून देवळालीकडे वळलो आणि माझी उजवी टाच गेली.

ओल्या बुटात सकाळपासून काहीतरी चावत होतंच. दुपारी ऊन पडलं. भाद्रपदातलं ते पावसानंतरचं ऊन अंगावर वाफ सोडतं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, वाऱ्याला जागा नाही. पाऊल टेकलं की कळ गुडघ्यापर्यंत. मी आधी रांगेच्या मध्यात होते, मग शेवटी, मग रांग पुढे आणि मी एकटी. मागून येणाऱ्या दुसऱ्या गावच्या दिंडीतल्या लोकांनी "जय ख्रिस्त" म्हटलं, मीही म्हटलं, तेही पुढे गेले. त्यांचा टेम्पो गेला. दूरवर कर्णा ऐकू येत होता. मनात राग होता. कोणावर ते सांगता येणार नाही. ताईवरही होता, ती असती तर तिने मला बूट घालू दिले नसते.

बांधाच्या दगडावर बसले, बूट काढला, मोजा सोलून काढला. टाचेला रुपयाएवढा फोड, तट्ट फुगलेला. नखाने फोडणार तेवढ्यात वरून आवाज आला.

"अगं बया, फोडू नको! कातडं निघंल. मग काय चालती का तू?"

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, साठीपुढची. भारा तिने तिथेच टाकला. गळ्यात तुळशीची माळ. "बस हितंच," म्हणाली आणि उसाकडेच्या वस्तीवर गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली असेल. आली तेव्हा एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात पितळेची डबी. डबीत सुई, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, काडेपेटी आणि हळद घातलेल्या तेलाची इवलीशी बाटली.

आधी तिने माझा पाय धुतला. मी पाय मागे घेतला तर म्हणाली, "पायाला कसली लाज?" मग तो मांडीवर घेऊन पदराने कोरडा केला. बोटांच्या मधली जागासुद्धा पुसली. सुईचं टोक काडीच्या जाळावर काळं होईपर्यंत धरलं, पुसलं. दोरा ओवला आणि सबंध दोरा तेलात बुडवला. मग फोडाच्या एका कडेने सुई आडवी आत घातली, कातड्याच्या अगदी लगत, आणि दुसऱ्या कडेने बाहेर काढली. मला काहीच दुखलं नाही. दोन्ही बाजूंना बोटभर दोरा ठेवून बाकीचा दाताने तोडला. त्या दोऱ्यावरून थेंब थेंब पाणी खाली उतरायला लागलं.

"आता ह्ये दोऱ्यानं आपोआप गळंल. वढू नको. वाळलं का पडतंय आपसूक. वारीत आम्ही समदे आसंच करतो."

आषाढीला ती दरसाल चालते. कुठल्या दिंडीत, किती वर्षं, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी कुठे निघाले ते मात्र तिला माहीत होतं. "हरेगावला ना? दरसाल जात्यात माणसं ह्या रस्त्यानं." तुमच्यासाठी मतमाउलीजवळ काय मागू, असं मी विचारलं. ती जरा थांबली. मला वाटलं एखाद्या आजारी माणसाचं नाव सांगेल. "काय मागायचं आता? तू नीट पोच, माउली." आणि भारा उचलून द्यायला मला हात लावायला सांगितलं. मी एका पायावर उभी राहून तो तिच्या डोक्यावर चढवला.

ती गेल्यावर मी बराच वेळ तिथेच होते. जप केला नाही.

लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, एक शास्त्री येशूला विचारतो की सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून मी काय करू. आयुष्यभर आपण हाच प्रश्न घेऊन चालतो. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), उपवास, नवस, मिस्सा, सगळं त्यासाठीच. आणि येशू उत्तरात स्वर्गाचं वर्णन करत नाही. तो एक रस्ता सांगतो, यरुशलेमहून यरीहोला उतरणारा. त्यावर पडलेला एक जखमी माणूस. याजक येतो आणि बाजूने जातो, लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, येतो आणि बाजूने जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक व्यवहारही ठेवत नसत. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो. हा दाखला मी मुलांना शिकवलाय, नाटक बसवलंय. प्रत्येक वेळी शिकवण एकच, आपण शोमरोन्यासारखं व्हावं. त्या दुपारी मी पहिल्यांदा तो दाखला खाली पडलेल्या माणसाच्या जागेवरून ऐकला. तिथून सगळं वेगळं दिसतं. याजक आणि लेवी दुष्ट वाटत नाहीत. त्यांना पोचायचं होतं. त्यांचं मन पवित्र ठिकाणी लागलं होतं.

आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला तो न्यायाचा दिवस. राजाच्या उजवीकडचे लोक विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं, कधी तहानलेला पाहिलं? त्यांना आठवतच नाही. ज्यांना राज्य मिळालं त्यांच्यातल्या एकानेही आकडा ठेवलेला नाही. मी हे ठामपणे मानते की ती डबीवाली मावशी त्या उजव्या बाजूच्या रांगेत असेल आणि तीही असंच विचारेल. धर्मशास्त्र जाणणाऱ्यांना यावर काही म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं. माझी टाच तिच्या मांडीवर होती.

अनंतकाळ डोळ्यांसमोर ठेवून जगा, असं आम्हाला प्रवचनात नेहमी सांगतात. मी ते खरं मानते, ताई गेल्यापासून तर जास्तच. नाहीतर तिच्या त्या शेवटच्या महिन्यांना काय अर्थ राहतो? पण अनंतकाळाकडे बघत चालणं म्हणजे पुढच्या मुक्कामाकडे डोळे लावून रस्ता उरकणं असं मी कुठेतरी धरून बसले होते. ताईचं तसं नव्हतं. दुखण्यातही ती नर्सबाईला विचारायची, "जेवलीस का?"

बेलापूरला प्रवरेच्या पुलावर मला दिंडी सापडली. मास्तर धावत आले. कर्णा काखेत, चेहरा उतरलेला. दोनदा मागे येऊन शोधून गेले होते, उसाच्या आडोशाला मी त्यांना दिसले नाही. मला त्यांचा राग आला होता हे मी त्यांना सांगितलं नाही. काकूंनी मला टेम्पोत बसवायचा फार आग्रह केला. मी चालले. दोरा बुटात हुळहुळत होता, पण कळ गेली होती. श्रीरामपूर कधी आलं आणि कधी गेलं ते आठवत नाही.

हरेगावला पोचलो तेव्हा मिस्सा सुरू व्हायची होती. संत तेरेजा चर्चच्या आवारात पाऊल ठेवायला जागा नाही, मेणबत्त्यांच्या मेणाने पायऱ्या निसरड्या, दुकानांतले भोंगे, हरवलेल्या मुलांची नावं. ज्युबिली, म्हणजे कॅथलिक चर्चचं पवित्र वर्ष, असल्याने गर्दी नेहमीपेक्षा जास्त वाटत होती. 'आशेचे यात्रेकरू' हे २०२५ च्या ज्युबिलीचं ब्रीद. ते जाहीर करणारे पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या सणाच्या, ईस्टरच्या, दुसऱ्या दिवशी, देवाघरी गेले. ही नेहमीची ज्युबिली पंचवीस वर्षांनी येते. पुढची २०५० साली. तेव्हा मी नसेन बहुतेक. हे मनात आलं आणि वाईट वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

मिस्सेच्या हेतूंच्या चिठ्ठीवर, म्हणजे प्रार्थना कोणासाठी ते लिहायच्या चिठ्ठीवर, मी ताईचं नाव लिहिलं. खाली त्या मावशीसाठी ओळ सोडली आणि अडले. नाव कुठे माहीत होतं? चिठ्ठ्या गोळा करणारा पोरगा घाई करत होता, मागे रांग होती. "देवळालीच्या रस्त्यावरच्या मावशीसाठी, उपकारस्तुती" असं लिहिलं. तो म्हणाला, असं चालत नाही, नाव पाहिजे. माझा आवाज चढला. शेवटी एका सिस्टरांनी ती चिठ्ठी हातात घेऊन पेटीत टाकली.

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना आमच्या नगरमधून जाते. आजवर मी ती गॅलरीतून पाहिली आहे. येत्या वारीला सुया, दोरा, कापूस आणि तेल घेऊन रस्त्याकडेला बसायचं आम्ही ठरवलंय. फादरांना विचारलं, त्यांनी लगेच चर्चमधली दोन बाकडी देऊ केली. मोजायचं यंत्र घेऊन आलेल्या काकू येणार आहेत, त्यांचा हात शिवणकामाचा आहे. पाणी तापवायची शेगडी आणायचं मास्तरांनी कबूल केलंय. फोडात दोरा आडवा कसा घालायचा ते मी त्यांना दाखवतेय. काकूंना पहिल्याच खेपेला जमलं, माझी सुई अजून खोल जाते.