नवी सांडपाण्याची लाइन : पाणी जाते म्हणजे निचरा होतो असे नाही

आमच्या घराची शौचालय आणि न्हाणीघर यांची जुनी लाइन भाजलेल्या मातीच्या नळांची होती. सांध्यांतून झाडांची मुळे आत शिरल्यामुळे ती वर्षातून दोन-तीनदा तुंबत असे, म्हणून अखेर ती काढून त्या जागी 110 मिलिमीटर व्यासाचे पीव्हीसी पाइप टाकण्याचे ठरवले. घराजवळच्या चेंबरपासून अंगणाच्या टोकाच्या चेंबरपर्यंत 12 मीटरचे अंतर, 3 मीटरचे चार पाइप, रबरी रिंगचे सांधे. काम दोन दिवसांत झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी वरच्या चेंबरमध्ये दोन बादल्या पाणी ओतले, ते क्षणात खालच्या चेंबरमध्ये आले, आणि ते म्हणाले, “पाणी तर धो-धो गेलं, आता चर बुजवून घेऊ.” मी एक दिवस थांबण्याची विनंती केली. त्यांना ती आवडली नाही, पण ते थांबले.

माझी शंका साधी होती. दोन बादल्या पाणी कशीही टाकलेली लाइन पार करून जाते, कारण मागच्या पाण्याचा जोर पुढच्या पाण्याला एखाद्या खोलगट भागातूनही ढकलून नेतो. खरी अडचण येते ती थोडे पाणी आणि त्याबरोबर घन पदार्थ असताना. उतार कमी असला की पाण्याचा वेग मंदावतो आणि मैला तळाशी बसतो. सांडपाण्याने पाइप आपोआप धुतला जावा यासाठी प्रवाहाचा वेग सेकंदाला साधारण 0.6 ते 0.75 मीटर असावा असे मानतात. चार इंची घरगुती लाइनला त्यासाठी 40 ते 60 मीटरला 1 मीटर एवढा ढाळ देतात. आम्ही 50 ला 1 धरला होता, म्हणजे 12 मीटरमध्ये 24 सेंटिमीटर.

दोन टोकांमधला फरक पारदर्शक नळीच्या पाणसळीने मोजला, तर तो बरोबर 24 सेंटिमीटर भरला. बहुतेक तपासण्या इथेच संपतात आणि माझीही संपली असती, परंतु नळी हातात होतीच म्हणून प्रत्येक सांध्यापाशी पाइपच्या माथ्याची पातळी घेतली. पहिल्या सांध्यावर पाइप 6 सेंटिमीटर खाली होता, तो हवा तसाच. दुसऱ्यावर 12 असायला हवा होता तिथे 15 निघाला, आणि तिसऱ्यावर 18 च्या जागी साडेचौदा. याचा अर्थ दुसऱ्या आणि तिसऱ्या सांध्यांच्या मधला पाइप उतरत नव्हता, तर अर्धा सेंटिमीटर चढत होता. एकूण उतार अगदी बरोबर आणि मधला तुकडा उलटा, हे मला आधी पटेना. मी मोजमाप तीनदा घेतले.

मग आरशाची जुनी युक्ती केली. खालच्या चेंबरमध्ये पाइपच्या तोंडाशी विजेरी धरली आणि वरच्या चेंबरमध्ये छोटा आरसा तिरका धरून आत पाहिले. पाइप सरळ असेल तर आरशात पौर्णिमेच्या चंद्रासारखे पूर्ण गोल तोंड दिसते. मला कापलेल्या भाकरीसारखा निम्माशिम्मा तुकडा दिसला, आणि मध्यावर उजेडात चकाकणारे पाणी. ते जेमतेम पेलाभर असेल, पण सकाळच्या त्या दोन बादल्यांनंतर एक थेंबही ओतलेला नसताना ते तिथे होते.

चर उघडा असल्यामुळे कारण लगेच कळले. दुसऱ्या सांध्यापाशी खणताना खोली जास्त झाली होती आणि ती सैल मातीने भरून काढली होती, ती दबली. तिसऱ्या सांध्याखाली मोठा दगड होता आणि तो फोडण्याऐवजी पाइप त्याच्यावरच टेकवला होता. मिस्त्रींनी आरशात स्वतः पाहिल्यावर वाद उरला नाही. त्यांनी दगड फोडला, खड्डा चोपून घेतला, सगळीकडे वाळूचा थर अंथरला आणि सॉकेटचा, म्हणजे पुढचा पाइप जिथे बसतो त्या तोंडाचा, फुगीर भाग टेकू नये म्हणून त्याच्याखाली तेवढीच वाळू उकरली. या कामात पहिल्या सांध्याची रिंग खाचेतून सरकलेली सापडली, ती उताराच्या मोजमापात कधीच दिसली नसती.

त्यामुळे गळतीही तपासली. खालचे तोंड रबरी बुचाने बंद केले, वरच्या तोंडाला कोपर म्हणजे काटकोनी जोड लावून दीड मीटर उंच पाइप उभा केला आणि तो काठोकाठ भरला. सुरुवातीला अडकलेली हवा निघताना पातळी थोडी उतरते, म्हणून पाणी पुन्हा भरून मग अर्धा तास वाट पाहिली. पातळी हलली नाही.

बुजवतानाही मी तिथेच उभा होतो, आणि कदाचित जरा जास्तच बारकाईने पाहत होतो. पाइपभोवती आणि वर साधारण 30 सेंटिमीटरपर्यंत चाळलेली माती, ती हाताने चोपलेली, त्यावर उरलेली माती थराथराने. नंतर आरसा पुन्हा लावला, कारण बुजवण्याच्या धक्क्यानेही सांधे हलतात.

शेवटची परीक्षा मुद्दाम कंजूष पाण्याची केली. शौचालयात कागदाचे ओले बोळे टाकून फक्त अर्धा फ्लश सोडला आणि खालच्या चेंबरपाशी थांबलो. पाचपैकी चार बोळे पहिल्याच फ्लशला आले, पाचवा पुढच्या फ्लशला. फ्लश करताना न्हाणीघराच्या मोरीत गुडगुड आवाज येत होता, पण तो ढाळाचा दोष नव्हता. लाइनला हवा पुरवणाऱ्या व्हेंट पाइपच्या तोंडाशी पानांचा कचरा अडकल्यामुळे लाइन मोरीच्या ट्रॅपमधून, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या वळणातून, हवा ओढत होती. कचरा काढल्यावर आवाज थांबला.

पावसाळा सरल्यावर, माती पुरती बसली असे धरून, मी एकदा पहाटे घरात पाणी वापरण्याआधी दोन्ही झाकणे उघडली, आतला कोंडलेला वायू निघून जाऊ दिला आणि आरसा धरला. गोलाची डावी कड किंचित कापलेली दिसली. ते पाहून आधी धस्स झाले, पण पाइप बाजूला सरकला होता, खाली नाही, आणि बाजूच्या बाकाने पाणी साचत नाही. तळ ओलसर होता, पाणी कुठेही चकाकत नव्हते. मी झाकणे लावून घेतली.