एमआरआय नॉर्मल आहे, मग हा मुद्दाम करतोय का?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे लिहिणं, कपडे घालणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, माझ्याकडे जास्त करून ऑटिझमची मुलंच येतात. त्यातली ही एक केस लिहायचीच होती, कारण यातला प्रश्न मला सारखा विचारला जातो.

नऊ वर्षांचा मुलगा. निदान लहानपणीच झालेलं, बोलतो छान, वाचन वयाच्या पुढे. वडिलांनी फाइल उघडली तर सगळ्यात वर एमआरआयचा रिपोर्ट (फिट आल्याची शंका होती म्हणून काढलेला) आणि खाली शाळेची चिठ्ठी, की तोंडी सगळं येतं पण लिहायचं म्हटलं की टाळाटाळ करतो, मुद्दाम गिचमिड काढतो. वडील म्हणाले, "मॅडम, मेंदूत काही नाहीये असं डॉक्टरांनीच लिहून दिलंय. मग हा आळशीपणाच ना?" मुलगा शेजारीच बसून ऐकत होता, मला तेच जास्त लागलं.

मी म्हटलं, तुम्ही इथेच बसा आणि फक्त त्याचे हात बघा.

त्याला सांगितलं, उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला टेकव, तर्जनीपासून करंगळीपर्यंत, न थांबता, परत पहिल्यापासून. अनामिकेपाशी आला आणि अडकला. कुठलं बोट उचलायचंय ते त्याला पक्कं माहीत होतं, तोंडाने नाव पण घेत होता, पण उचललं जायचं भलतंच. डावा हात मांडीवर नुसता ठेवायचा होता तर त्याचीही बोटं हलायला लागली, जीभ बाहेर, खांदे कानाला टेकलेले. एका हाताची हालचाल अशी दुसऱ्या हातात उतरणं लहान मुलांत असतंच, वयाप्रमाणे कमी होत जातं, पण नऊ वर्षांच्या मुलात एवढं दिसलं की मी तरी ते सोडून देत नाही, हालचाल अजून हातात बसलेली नाहीये, प्रत्येक वेळी डोकं लावून करावी लागतेय. वडील खुर्ची पुढे ओढून बघायला लागले. मी विचारलं, "हे मुद्दाम करता येईल का कुणाला?" ते गप्पच.

मग एमआरआयचं बोललो. नेहमीच्या एमआरआयमध्ये गाठ, रक्तस्राव, जन्मजात मोठा दोष असलं काही आहे का ते बघतात. ऑटिझममध्ये मेंदूत जे फरक सापडलेत ते गटागटांची सरासरी काढून सापडलेत, एका मुलाच्या फिल्मवर ते दाखवता येत नाहीत. 1985 मध्ये बाउमन आणि केम्पर या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या एका माणसाच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत, लहान मेंदूतल्या (डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला असतो तो भाग) पुरकिंजे नावाच्या मोठ्या चेतापेशी कमी असल्याचं नोंदवलं होतं, आणि हालचालीचं टायमिंग, चूक झाली की पुढच्या वेळी आपोआप सुधारणं, हे बरंचसं काम त्या लहान मेंदूचंच. 2009 मध्ये मॉस्टॉफ्स्की आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ हीच बोटांची टेस्ट मुलांना स्कॅनरमध्ये करायला लावली, तर ऑटिझमच्या मुलांमध्ये लहान मेंदू कमी कामाला लागलेला दिसला आणि हालचालीची आखणी करणारा वरचा भाग जास्त. वडिलांनी हे दोनदा सांगायला लावलं, मीही सांगितलं. ऐकून ते एवढंच म्हणाले, "म्हणजे बटण लावायला वीस मिनिटं लागतात ते पण हेच?" हो, तेच.

मला राग याचा येतो की हे नवीन नाहीये. ऑटिझमचं वर्णन करणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी कॅनरने 1943 मध्ये आणि अ‍ॅस्परगरने 1944 मध्ये मुलांच्या अवघडलेल्या हालचाली लिहून ठेवल्यात. अमेरिकेत संशोधक अंजना भट यांनी 16 हजारांहून जास्त ऑटिझमच्या मुलांच्या पालकांनी भरलेली प्रश्नावली तपासली (2020 चा पेपर), त्यात जवळपास 87 टक्के मुलांना हालचालींच्या अडचणीचा धोका दिसला. तरी निदानाच्या निकषांत हे नाहीच, त्यामुळे बोलणं, नजर, वागणं सगळं तपासलं जातं आणि हात तसेच राहतात. 2013 च्या डीएसएम-5 पासून (मानसिक आजारांच्या निदानाचे निकष देणारं अमेरिकन पुस्तक) ऑटिझमसोबत डीसीडी, म्हणजे हालचालींच्या समन्वयाची अडचण, वेगळी नोंदवता येते, पण नोंदवायला आधी कुणी बघायला तर हवं!

शेवटी त्याला फळ्यापाशी नेलं. फळ्यावर 'क्ष' काढून दाखवला, बघून काढताना त्याची पार गुंतागुंत झाली. मग डोळे मिटायला सांगितले, त्याचा हात हातात धरला आणि खांद्यापासून हलवत मोठा 'क्ष' गिरवला, परत परत. नवीन हालचाल शिकताना यातली बरीच मुलं डोळ्यांपेक्षा स्वतःच्या स्नायू-सांध्यांच्या जाणिवेवर जास्त विसंबतात असं संशोधनात दिसलंय, म्हणून मी हे करून बघते, सगळ्यांना जमतंच असं नाही. याला जमलं. हात सोडला तर त्याने एकट्याने काढला, वाकडा होता पण 'क्ष' होता, आणि म्हणाला, "ताई, आता हाताला कळलं." वडिलांनी लगेच फोटो काढला.

शाळेला पत्र दिलंय, लिहायला जादा वेळ, लांबलचक उत्तरं टाइप करू देत, आणि 'मुद्दाम' हा शेरा वहीत नको. निघताना तो म्हणाला पुढच्या वेळी सायकल आणतो, अजून येत नाही त्याला. मी वडिलांना म्हटलं आणा, पण बाजूची छोटी चाकं आणि पेडल दोन्ही काढून आणा, सीट पाय टेकतील एवढी खाली घ्या, आधी नुसता बॅलन्स करू.