काकूंच्या मनगटावर रावेरची वेळ

"काय भो, तिकीट चुकलं की काय?" काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं. टोकियोहून निघणार रविवारी संध्याकाळी 5 वाजता, सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचणार रविवारीच सकाळी साडेदहाला.

जळगावात तिकिटांचं काम करताना हा प्रश्न मला अधूनमधून येतो. दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या असतात. एप्रिलात टोकियोचं घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोच्या 16 तास पुढे असतं आणि पॅसिफिकमधली वाररेषा पूर्वेला ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते. प्रवास खरा साडेनऊ तासांचाच.

काका रावेरकडचे केळी बागायतदार. त्यांनी परतीचा कागद उलटला. "मग येताना अकरा तास कशापायी? वाट तर तीच!"

मी ड्रॉवरमधून पृथ्वीचा गोल काढला आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणला. अंतर सुमारे 8,270 किलोमीटर. नकाशावर आडवी वाटणारी वाट गोलावर वर, अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या दिशेनं वाकते. त्या भागात दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. 1920च्या दशकात जपानचे हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून तो मोजला होता. जाताना विमान हा वारा पाठीवर घेतं, येताना तो चुकवायला बऱ्याचदा आणखी उत्तरेकडून वळतं.

पुढचं काकांना सांगावं लागलं नाही. वाऱ्यानं केळी आडवी होऊ नये म्हणून बागेच्या कडेला शेवरी आणि गजराज गवत लावणारा माणूस तो. "म्हणजे वाऱ्याला पाठ देऊन जायचं अन् तोंड देऊन यायचं," ते म्हणाले. माझ्यापेक्षा नेमकं!

काकू तोवर गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी रात्री इन्सुलिन घेते. रविवारची संध्याकाळ दोनदा येईल, तर सुई पण दोनदा घ्यायची का?"

मी थांबलोच. इतक्या वर्षांत तारखा बदलल्या, व्हिसाचे कागद पाहिले, पण अंगातल्या घड्याळाचा विचार कधी केला नव्हता. मुक्कामी पोहोचून त्यांनी तिथल्या रात्री पुन्हा इन्सुलिन घेतलं असतं, तर? माझ्या अंगावर काटा आला. आपल्या मनानं मात्र मी काही सांगितलं नाही. लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोघांना दुसऱ्याच दिवशी बोलावलं आणि तपासून वेळापत्रक लिहून दिलं. भिंतीवरचं घड्याळ पाहायचं नाही, आधीच्या डोसला किती तास झाले ते मोजायचं.

तो कागद घेऊन काकू परत माझ्याकडे आल्या. प्रत्येक वेळेपुढे भारतातली वेळ लिहून मागितली, ठळक अक्षरात. मी लाल पेनानं लिहिली. मनगटावरचं घड्याळ दाखवून त्या म्हणाल्या, "हे मी रावेरच्या वेळेवरच ठेवते. मोबाइल बदलायचा तर बदलो."