शेजारच्या नगरपरिषदेच्या डीपीवर हरकत घेतली तेव्हा

आमच्या शेजारच्या नगरपरिषदेनं सुधारित विकास योजनेचा (डीपीचा, म्हणजे रस्ते आणि आरक्षणं कुठल्या जमिनीवर येणार ते ठरवणाऱ्या नकाशाचा) प्रारूप आराखडा जाहीर केला, तेव्हा आमच्या गावात कुणी फारशी दखल घेतली नाही. गाव ग्रामपंचायतीचं, हद्द वेगळी, आपल्याला काय त्याचं? मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते आणि बाजाराकडे जाणारा रस्ता रुंद होतोय का, एवढंच बघायला गेले होते. नकाशात रस्ता होता, १८ मीटरचा. हद्दीच्या रेषेपर्यंत तो ठळक येत होता आणि तिथंच संपत होता. त्या रेषेला चिकटून, त्यांच्या शेवटच्या सर्व्हे नंबरमध्ये, घनकचरा प्रकल्पाचं आरक्षण टाकलेलं. रेषेच्या अलीकडे आमची बाजू मात्र कोरी. तिथं आमची नवी वस्ती आहे आणि पिण्याच्या पाण्याची विहीर आहे.

"मुद्दाम केलंय" असा गावात बोभाटा झाला. मला तसं वाटत नाही. नगरपरिषदेला आपल्या हद्दीपुरतीच विकास योजना करता येते. ग्रामपंचायतीला तर जमीनवापराची अशी स्वतःची विकास योजनाच नसते. आमच्या जमिनी प्रादेशिक योजनेत, म्हणजे मोठ्या प्रदेशासाठी केलेल्या जमीनवापराच्या योजनेत येतात आणि गावठाणाबाहेरच्या बांधकामाची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून घ्यावी लागते. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन नकाशे, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या टेबलांवर केलेले. डिसेंबर २०२० मध्ये युडीसीपीआर ही एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर चटई क्षेत्राचे, सामासिक अंतरांचे (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेचे) नियम राज्यभर बरेचसे सारखे झाले. त्यामुळे पुष्कळांचा समज आहे की आता सगळं एकत्रच चालतं. नियम सारखे झाले, पण रस्ते आणि आरक्षणं अजून ज्याची त्यानं आखायची असतात.

कागदावर यासाठी जागा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती आणली. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक प्रश्नांचा, त्यात जागेच्या नियोजनाचा आणि पाणीवाटपाचाही, विचार करून तिनं जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा मसुदा करावा, असं कलम २४३-झेडडी सांगतं. तिचे चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असतात. आपल्याकडे पालकमंत्री अध्यक्ष असतात आणि चर्चा होते ती निधीची. दोन गावांचे रस्ते जुळतात का, हे तिथं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सरपंचांनी शंभरेक सह्यांचं निवेदन तयार केलं होतं. आमच्या गावात एक निवृत्त भूकरमापक (जमिनीची मोजणी करणारे) राहतात. त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं.

"ताई, 'आमचा तीव्र विरोध आहे' असले अर्ज एकाच गठ्ठ्यात बांधले जातात. कलम २७ वाचा आणि त्यावर लिहा."

"काका, पण आपण त्यांच्या हद्दीत राहत नाही. आपली हरकत घेतील?"

"घेतील की. हरकत कुणालाही घेता येते. पोच मात्र सोडू नका."

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं हे कलम छोटंसं आहे. क्षेत्र प्रादेशिक योजनेत असेल, तर विकास योजना तयार करताना नियोजन प्राधिकरणानं त्या योजनेतले प्रस्ताव विचारात घेऊन त्यांना धरून चालावं, असं ते म्हणतं. आमच्या हाती एवढंच होतं, आणि तेवढं पुरलं.

नगररचना कार्यालयातून भाग नकाशे आणि झोन दाखला, भूमी अभिलेखमधून गट नकाशा, असं गोळा केलं. काकांनी सगळं एका मापात आणून ट्रेसिंगवर उतरवलं. दोन्ही नकाशे हद्दीवर जोडले तेव्हा कळलं की त्यांचा रस्ता आणि प्रादेशिक योजनेतला आमचा रस्ता समोरासमोर येतच नाहीत. मधे दोन शेतं आडवी.

कचऱ्याचा मुद्दा जास्त नाजूक होता. आरक्षणावर नुसतं 'घनकचरा प्रकल्प' लिहिलेलं. खतनिर्मिती की भरावभूमी (कचरा पुरायची जागा), काहीच नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भरावभूमी वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर हवी असं होतं, शिवाय रोज ५ टनांहून मोठ्या प्रकल्पाभोवती बांधकाम नसलेला पट्टा. हा पट्टा नगरपरिषदेला आमच्या जमिनीवर दाखवता येत नव्हता, कारण तिचा नकाशाच तिथं संपतो. आमच्या बाजूला प्रादेशिक योजनेत रहिवास विभाग. म्हणजे एका योजनेनं जिथं घरं नकोत, तिथंच दुसरी घरं बांधा म्हणत होती. हरकतीत मी हे एका पानात लिहिलं आणि ट्रेसिंग जोडलं.

सुनावणी नगरपरिषदेच्या योजनेसाठीच्या नियोजन समितीपुढे होती, जिल्ह्याच्या नव्हे. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि बाहेरून नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ. एका सदस्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "मॅडम, तुम्ही आमच्या गावच्या नाही ना?" मी नाही म्हटलं आणि ट्रेसिंग त्यांच्या नकाशावर ठेवलं. तज्ज्ञांपैकी एक जण उठून टेबलाशी आले. पुढचं सगळं बोलणं त्यांच्याशीच झालं: वस्ती अधिकृत आहे का, रेखांकन (प्लॉटचा लेआउट) कधीचं, विहीर कुणाची. मंजूर रेखांकनाचा आदेश सोबत होता म्हणून निभावलं. वस्ती विनापरवाना असती तर ही हरकत टिकली नसती, असं मला अजूनही वाटतं.

समितीच्या शिफारशीनं आरक्षण आत, त्यांच्याच जुन्या डेपोलगत सरकलं आणि शासनानं योजना मंजूर करतानाही ते तसंच राहिलं. रस्त्याबाबत मात्र त्यांनी हात वर केले, आणि ते बरोबरच होतं. आमच्या बाजूची रेषा हलवायची तर प्रादेशिक योजनेत कलम २० खाली फेरबदल हवा. तो शासनानं करायचा.

त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागणार होता, आणि खरी दमछाक तिथं झाली. कचऱ्याविरुद्ध सगळं गाव एक होतं. रस्ता जुळवायचा म्हटल्यावर तो ज्या दोन शेतांतून जाणार त्या घरांनी बोलणं टाकलं. "तुमचं शेत नाही ना त्यात," हे मला भर सभेत ऐकावं लागलं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठराव बहुमतानं झाला. पुढे फेरबदलाची सूचना राजपत्रात आली आणि हरकती मागवल्या गेल्या. तेव्हा त्या दोघांपैकी एक जण आमच्याकडे आला आणि कलम कुठलं लिहायचं म्हणून विचारू लागला. काकांनी त्याला ट्रेसिंगची प्रत दिली, आणि पोच घ्यायला सांगितलं.