आमची वाटचाल : अलाइनमेंटपासून कॅमेऱ्यापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात व्हील अलाइनमेंटचे आमचे दुकान भागीदारीत सुरू झाले आणि बरीच वर्षे सुरळीत चालले. २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० आणि अ‍ॅस्टर या गाड्या आल्यावर लेन डिपार्चर वॉर्निंगच्या (पुढच्या काचेमागचा कॅमेरा रस्त्यावरच्या रेघा पाहतो आणि गाडी आपला पट्टा, म्हणजे लेन, सोडू लागली की इशारा देतो, त्या यंत्रणेच्या) तक्रारी येणार हे ओळखून आम्ही कर्ज काढले व स्कॅनर, लेझर आणि टार्गेट बोर्ड (कॅमेऱ्याची नजर जुळवायला त्याच्यासमोर ठेवायचे नक्षीचे फलक) घेतले. हा खर्च भागीदाराला पटला नाही आणि तो बाजूला झाला.

त्यानंतर जे घडले ते आजही खुपते. कराडचे एक डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक. दगड लागल्याने त्यांनी गाडीची पुढची काच महामार्गावरच्या एका दुकानात बदलून घेतली. पुढे गाडी पट्ट्याच्या मध्यावर असतानाही डावीकडचा इशारा वाजू लागला आणि उजवी रेघ ओलांडली तरी आवाज येईना. काचवाल्याने स्कॅनर लावला, एकही कोड (गाडीच्या संगणकाने केलेली दोषाची नोंद) मिळाला नाही, आणि दोष आमच्या अलाइनमेंटचा असल्याचे त्याने गावभर सांगितले. टॅक्सीवाल्यांनी पाठ फिरवली, हप्ते थकले, दुकान विकायची बोलणीही झाली.

डॉक्टरांनी मात्र गाडी आमच्याकडे ठेवली. कोड नाही म्हणजे दोष नाही, असे समजणाऱ्याने या कामात पडू नये. कॅमेऱ्याला रेघा स्वच्छ दिसत असतील, तर आपण वाकडे बसलो आहोत हे त्याला कळेलच असे नाही. आम्ही टायरची हवा, मागच्या चाकांचा थ्रस्ट अँगल (ती गाडीला ज्या दिशेने ढकलतात तो कोन) आणि स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य (स्टिअरिंग सरळ असताना त्याने दाखवायचा आकडा) या क्रमाने तपासले. सारे बरोबर होते. मग काचेवरचा, कॅमेरा धरून ठेवणारा ब्रॅकेट पाहिला, तर तो किंचित तिरका चिकटवलेला. एका अंशाची चूक ५० मीटरवर सुमारे ८७ सेंटीमीटर होते, आणि महामार्गाचा पट्टा असतो साडेतीन मीटरचा! योग्य काच बसवून घेतली, सपाट फरशीवर बॅटरीला सपोर्ट चार्जर जोडून टार्गेट बोर्डासमोर कॅलिब्रेशन केले, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवली, आणि स्पष्ट रेघांच्या रस्त्यावर चाचणी घेतली. डॉक्टरांनी जुन्या काचेचे फोटो स्वतःहून ओळखीच्या गाडीवाल्यांना दाखवले, तेव्हा कुठे गिऱ्हाईक परतू लागले.

कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. काच बदलताना बिलात कॅलिब्रेशन लिहिले आहे का ते पाहावे, आणि फास्टॅग कॅमेऱ्याच्या नजरेआड येईल असा चिकटवू नये. सहापदरीकरणाच्या कामात जुन्या-नव्या रेघा एकमेकींवर आलेल्या असतील, तर तिथल्या चुकीच्या इशाऱ्यासाठी गाडी उघडायला लावू नये. इंडिकेटर न देता पट्टा बदलणाऱ्यांनी तर तक्रार घेऊन येऊच नये, कारण तेव्हा वाजणे हेच त्या यंत्रणेचे काम आहे.

तो काचवाला हल्ली कॅलिब्रेशनसाठी गाड्या आमच्याकडेच पाठवतो. इतरांना आम्ही महिनाअखेरपर्यंत उधारी देतो. त्याच्याकडून पैसे आगाऊ घेतो.