सोयाबीनच्या 100 बिया आणि अडकलेला रिपोर्ट

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टला मी सोयाबीनची उगवण घेतली. घर कोरेगाव तालुक्यात, कॉलेज साताऱ्यात. काकांनी पेरणीसाठी आणलेल्या पिशव्या घरातच होत्या. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान 70 टक्के लागते, त्यामुळे शून्य परिकल्पना, म्हणजे तपासायचा मूळ दावा, आयतीच मिळाली: उगवणाऱ्या बियांचं प्रमाण 0.70. पर्यायी परिकल्पना: त्याहून कमी. सार्थकता पातळी, म्हणजे खरा दावा चुकून नाकारण्याची चालवून घेतलेली जोखीम, 5 टक्के. विषयाची मंजुरी, सह्या, सगळं सुरळीत झालं.

ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 बिया मांडून गुंडाळी केली. आठव्या दिवशी उलगडली तर 64 बियांना धड मोड होते. बाकीच्या नुसत्या फुगलेल्या, काही तर बोटाने दाबल्या की पिचकत होत्या. प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुन्यागणिक आकडा साधारण किती हलतो ते) 0.0458, झेड (दाव्यापासूनचं अंतर अशा किती त्रुटींएवढं ते) उणे 1.31, पी-मूल्य (दावा खरा असताना उगवण इतकी किंवा याहून कमी दिसण्याची शक्यता) 0.095, म्हणजे 5 टक्क्यांहून जास्त. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. मी तसंच लिहिलं.

रिपोर्ट अडकला तो इथे. तपासणाऱ्या सरांना निष्कर्षात ‘बियाणे 70 टक्के उगवते हे सिद्ध झाले’ असं वाक्य हवं होतं. मी नकार दिला, फाईल टेबलावर पडून राहिली. विचारायला गेलं की ‘बघतो’. बाकीच्यांच्या तोंडी परीक्षा उरकत आल्या, इकडे काका रोज विचारायचे, ‘पेरू का नको, तेवढं सांग की.’ पुरावा अपुरा असणं आणि दावा खरा असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो विभागातच समजावून सांगावा लागतो याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी एक कागद जोडला. याच 64 बियांवर ‘प्रमाण 0.60 आहे’ ही परिकल्पना तपासली तर झेड 0.82 येतो, म्हणजे तीही नाकारता येत नाही. मग 60 आणि 70 दोन्ही सिद्ध झाले का? 95 टक्के विश्वास अंतरही, म्हणजे खरी उगवण ज्यात असावी तो अंदाजी पट्टा, दाखवलं: 54.6 ते 73.4 टक्के. एवढ्या रुंद पट्ट्यात काहीही बसतं. सरांनी तो वाचला, काही न बोलता सही केली. मला खूप बरं वाटलं.

हे आधी सांगायला हवं होतं: पर्यायी परिकल्पना बिया भिजवण्याआधीच लिहून ठेवा, मोड बघून नाही. बिया एकाच पिशवीच्या तोंडातून घेऊ नका. प्रमाण त्रुटीत दाव्याचं 0.70 घालायचं, नमुन्यातलं 0.64 नाही, ते विश्वास अंतराला.

आणि जमेल तर 400 बिया घ्या, बीज प्रयोगशाळेतही तेवढ्याच घेतात. काकांसाठी मी नंतर नव्याने 400 लावल्या. 258 उगवल्या, म्हणजे 64.5 टक्के. टक्केवारी जवळपास तीच, पण झेड उणे 2.40, पी-मूल्य 0.008. या वेळी 70 चा दावा नाकारला. काकांनी एकरी बियाणं वाढवून पेरलं.