एकावर एक दोन पायऱ्या

दादा बाइकवरून पडला त्याला आज तीन आठवडे झाले. सीटी स्कॅन नॉर्मल, म्हणून आम्ही निर्धास्त. पण जिना उतरताना तो कठडा घट्ट धरायचा, मान डावीकडे कललेली. आज डोळ्यांच्या डॉक्टरांनी पेन खाली नेत विचारलं, "किती दिसतात?"

"दोन. एकावर एक."

एक डोळा झाकला की एकच! मेंदूतून डोळ्याकडे जाणारी चौथी नस फार बारीक असते, डोक्याला मार बसला की दुखावते. खाली बघताना जास्त त्रास. बऱ्याचदा आपोआप सुधारते. सहा महिने वाट बघायची, तोवर दोन्ही प्रतिमा जुळवणारा प्रिझमचा चष्मा.

दोनाचं एक दिसावं म्हणून तो मान कलवत होता, आणि आम्ही रोज त्याला 'मान सरळ ठेव' म्हणून ओरडत होतो. फार वाईट वाटलं. रात्री जिना उतरताना मी त्याच्या एक पायरी पुढे चालले.